गार पाणी, कोमट पाणी आणि एकट्याची होडी: न्हावा-शेव्याच्या खाडीतून

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञानाचे निवृत्त मास्तर आता मासेमारीवर बोलणार! तसंच आहे. पण त्याला कारण घडलं, ते आधी सांगतो.

आमचा एक जुना विद्यार्थी माघ महिन्यात घरी आला. आता त्याची चाळिशी उलटली आहे, पनवेलला राहतो, नोकरी चांगली आहे. म्हणाला, "सर, कयाक घेतली. एकट्यानं बसायची, प्लॅस्टिकची, गळ लावायला खाचा असलेली. शिमग्याची सुट्टी आहे, न्हाव्याच्या खाडीत जिताडा धरायला जातो." आम्ही विचारलं, "लाइफ जॅकेट घेतलंस का?" तो हसला. म्हणाला, "सर, परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघतो ना आम्ही. वसंताच्या सुरुवातीला ते तळ्यांवर जातात तेव्हा पाणी बर्फासारखं असतं, म्हणून ते एवढं जपतात. आपल्याकडं फाल्गुनात पाणी कोमट. शिवाय मला पोहता येतं."

हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पाणी गार असेल तर धोका. आपलं पाणी गार नाही. म्हणून धोका नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगासुद्धा यातली चूक दाखवील. धोक्याचं एक कारण नसलं म्हणजे धोकाच नाही, असं होत नाही. पण नुसती चूक दाखवून भागत नाही. आपल्या खाडीत मग धोका कशाचा, हे सांगावं लागतं. त्याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास आपल्या दाराशी घडलेला आहे.

आधी त्या कयाकचंच बघू. ही होडी मूळची उत्तर ध्रुवाकडच्या लोकांची, ग्रीनलंड आणि कॅनडातल्या इन्युइटांची. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं ताणून शिवलेलं. शिकारी आत बसला की अंगातलं कातडी जॅकेट होडीच्या तोंडाला घट्ट बांधून घ्यायचा. होडी उलटली तरी तो बाहेर पडायचा नाही. वल्ह्याच्या एका फटक्यात होडीसकट पुन्हा सरळ व्हायचा. त्या पाण्यात बाहेर पडणं म्हणजे मरण, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. म्हणजे ती होडी, ते जॅकेट आणि ती कोलांटी मिळून एकच विद्या होती. आपण बाजारातून त्यातली फक्त होडी आणतो.

आणि विद्या असूनही काय होतं, तेही ऐका. जिनो वॉटकिन्स नावाचा एक तरुण इंग्रज ग्रीनलंडमध्ये जाऊन तिथल्या लोकांकडून कयाक चालवायला शिकला, कोलांटीसुद्धा शिकला. 20 ऑगस्ट 1932 रोजी तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला. सोबत्यांना नंतर रिकामी कयाक पाण्यावर तरंगताना सापडली. तो सापडला नाही. वय 25. त्याच्याकडं कौशल्य होतं, होडी होती, धाडस होतं. त्या दिवशी जवळ दुसरा माणूस नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याला पुन्हा तिच्याकडं यायचं आहे.

आता गार पाण्याचं शास्त्र थोडक्यात. 1912 साली टायटॅनिक बुडाली, पंधराशेहून अधिक माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांच्या अंगात बुचाची जॅकेटं होती. ती माणसं तरंगत होती; मारलं ते थंडीनं. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी हे सोप्या आकड्यांत बसवलं: एक, दहा, एक. अतिगार पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायचा, कारण थंडीच्या धक्क्यानं धाप लागते आणि तेव्हा पाणी आत जातं. पुढची 10 मिनिटं हातपाय कामाचे असतात. शुद्ध हरपायला साधारण 1 तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी त्याचे हात निकामी होतात. तोवर अंगात जॅकेट नसेल तर उत्तम पोहणाराही बुडतो.

आपला विद्यार्थी म्हणेल, हे सगळं तिकडचं. ठीक आहे. मुंबईजवळच्या समुद्राचं पाणी माघ-फाल्गुनात साधारण 25-26 अंशांचं असतं. धाप लागण्याचा धक्का इथं बसत नाही, हे खरं. पण आपलं शरीर 37 अंशांचं आहे. उघड्या अंगानं स्वस्थ पडून राहिलं आणि उष्णता कमी होऊ नये असं वाटत असेल, तर पाणी 33 ते 35 अंशांचं लागतं. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पटींनी वेगानं उष्णता वाहून नेतं. म्हणून 25 अंशांची हवा आपल्याला सुखाची वाटते आणि 25 अंशांचं पाणी तास-दीड तासात कुडकुडायला लावतं. 'कोमट' हा शब्द हात बुडवणाऱ्याचा आहे. गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाचा शब्द वेगळा असतो.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. न्हाव्याकडचे एक वयस्कर कोळी आमच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना नाखवा म्हणायचो, ते आम्हाला मास्तर म्हणायचे. खाडीतल्या मासेमारीबद्दल लिहायचं आमच्या डोक्यात होतं. कॉलेजला सुट्टी म्हणून आम्ही नेमका धुळवडीचा दिवस ठरवला. नाखवा म्हणाले, "मास्तर, सणाच्या दिवशी कोण दर्यात जात नाय. पण तुम्ही पाहुणं. येयाचं तर अकराच्या आत या." आम्ही पोचलो दीड वाजता. घरी पुरणपोळी होती, दुसरं कारण नाही. नाखव्यांनी एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं, आणि पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर आलं म्हणून होडी काढली.

तीनच्या पुढं वारा उठला. खाडीच्या तोंडाकडं पाणी एकदम खडबडीत झालं, आखूड उंच लाटा, एकामागोमाग एक. होडीत पाणी आलं, आम्ही घाबरून एका बाजूला सरकलो आणि होडी कलंडली. नाखवा पहिलं वाक्य बोलले ते असं: "होरी सोडू नका!" किनाऱ्याची तिवरं समोर दिसत होती, दोनशे पावलांवर असावीत असं वाटलं. आम्ही पोहत जाणार होतो. त्यांनी आमची कॉलर धरून ठेवली. पाणी बाहेर ओढत होतं, आणि तिवरांच्या अलीकडं मांडीभर चिखल होता. दीड तास आम्ही उलट्या होडीला धरून होतो. पहिला अर्धा तास आम्ही विनोद केले. नंतर दात वाजायला लागले. शेवटी एक होडी आली तेव्हा त्यांनी फेकलेला दोर आमच्या हातात बसेना. बोटं मिटतच नव्हती. फाल्गुनातलं ऊन होतं, पाणी 'कोमट' होतं, आणि आमची बोटं मिटत नव्हती. त्या लोकांनी कोरड्या शिडात गुंडाळलं, काळा चहा पाजला. चूक सर्वस्वी आमची होती.

नाखव्यांनी 'अकराच्या आत' का म्हटलं होतं, हे आम्ही नंतर विचारलं. उत्तरात त्यांनी जे सांगितलं ते आमच्या मते या किनाऱ्यावरचं एक मोठं ज्ञान आहे. ते नीट मांडतो.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हिशेब ठोकळ आहे, पण घड्याळाशिवाय चालतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढ-उतार कमी. मुंबईच्या बंदरात उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. त्यात फाल्गुनी पौर्णिमा येते मार्चमध्ये, विषुवदिनाच्या आसपास, तेव्हा उधाण आणखी जोरात.

आता यात वारा मिळवा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडं मतलई वारा असतो, हलका. दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. फाल्गुन-चैत्रात तो दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान चांगलाच जोर धरतो.

दोन्ही एकत्र ठेवून बघा. होळीच्या पौर्णिमेला भरती बाराला, म्हणून बारा ते सहा पाणी खाडीतून बाहेर, समुद्राकडं धावतं. त्याच वेळी खारा वारा समुद्राकडून आत येतो. पाणी एकीकडं, वारा दुसरीकडं. वारा प्रवाहाच्या तोंडावर आला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. लहान होडीला त्याच लाटा घातक. आणि सहा वाजता, अंधार पडायच्या तोंडावर, पूर्ण ओहोटी: किनारा समोर, मध्ये शेकडो पावलं चिखल. धुळवडीला हेच सगळं पाऊण तास उशिरा. म्हणजे शिमग्याची सुट्टी, जेव्हा नोकरदार माणूस होडी काढतो, तेव्हा दुपारी ही खाडी सर्वांत वाईट वागते. उलट अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी आणि सहाला भरती. दुपारभर पाणीही आत येतं, वाराही आत येतो. दमलात तरी दोघं मिळून तुम्हाला घराकडं ढकलतात. तीच खाडी, तोच महिना, तोच वारा; फरक तिथीचा.

आमच्या न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानतात: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नाखव्यांनी पाण्याचा रंग पाहिला ते प्रत्यक्ष. तिथीवरून वेळ आणि वेळेवरून लाट ओळखली ते अनुमान. अनोळखी पाणी ओळखीच्या पाण्याशी ताडून पाहणं, हे आम्ही सैलपणे उपमानात घालतो. आणि 'अकराच्या आत या' हा शब्द, म्हणजे आप्ताचं वचन, ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला तुमचं वाईट व्हावं असं वाटत नाही अशा माणसाचं. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शब्दप्रमाण शिकवत होतो, आणि आप्त समोर उभा असताना पुरणपोळी खात बसलो! गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1949 साली 'काय ते माहीत असणं' आणि 'कसं ते येणं' यांत फरक केला. पण पाण्यावर तिसरी गोष्ट लागते: कुणाचं ऐकायचं, हे कळणं.

आता इतिहासाच्या कठीण भागाकडं येतो. हे ज्ञान जागेला चिकटलेलं असतं. जागाच बदलली तर?

न्हावा आणि शेवा ही दोन गावं. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरणमध्ये. आगरी आणि कोळी वस्ती, भातशेती, मिठागरं, खाजणं, खाडीत निवट्या, बोईट, कोलंबी, चिंबोऱ्या, नशीब असेल तर जिताडा. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी जमिनी गेल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व त्या लढ्यातून आलं. जमिनीची ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पाण्याची गोष्ट कमी सांगितली जाते.

26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाडा आपल्या जागेवरून उठून उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसवला गेला. तिथं घरांना वाळवी लागली, आणि ते गाऱ्हाणं पुढं अनेक वर्षं चाललं. या लोकांनी आपल्या छोट्या होड्या जहाजांच्या मार्गात नेऊन उभ्या केल्या, मार्ग अडवले. भराव पडले, तिवरं तुटली, पाण्याच्या वाटा बदलल्या, जहाजांसाठी समुद्राचा तळ खोल उकरला गेला. 27 फेब्रुवारी 2015 रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे पीठानं इथल्या 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. ते प्रकरण रामदास कोळी यांनी मच्छीमारांच्या वतीनं लढवलं होतं. जानेवारी 2024 मध्ये याच पाण्यावरून अटल सेतू सुरू झाला.

बंदर नको होतं, असं आम्ही म्हणत नाही. आमच्या घरातल्या कितीतरी वस्तू त्याच बंदरातून आल्या असतील. ती कयाकसुद्धा आली असेल. आम्ही एवढंच म्हणतो की भरपाई मासळीची मोजता येते, घराची मोजता येते. पण 'या टोकाला वळलं की पाणी ओढतं' हे वाक्य जेव्हा खोटं ठरतं, तेव्हा जे नुकसान होतं ते कुठल्या रकान्यात लिहायचं? तिथीचा हिशेब टिकला, कारण चंद्र हलवता येत नाही. पण प्रवाह कुठून वळतो, चिखल कुठं साचतो, हे पुन्हा नव्यानं शिकावं लागलं. त्यात मोठ्या जहाजांच्या लाटांची भर पडली, जी कुठल्याही पंचांगात नाही. आणि ज्यांनी हे शिकायचं, त्यांची मुलं नोकरीला गेली. म्हणजे खाडीवरचे आप्त कमी झाले, नेमक्या त्याच काळात प्लॅस्टिकच्या होड्या घेऊन आपल्यासारखे हौशी लोक यायला लागले.

दोन अपघात आठवू. 17 जुलै 1947, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचली त्यांतल्या अनेकांना मासळी घेऊन मुंबईकडं निघालेल्या कोळ्यांनी उचललं. होड्यांत जागा व्हावी म्हणून त्यांनी ताजी मासळी पाण्यात टाकली. दुसरा अपघात 18 डिसेंबर 2024 चा. गेटवेहून घारापुरीकडं जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. 15 जणांचा जीव गेला. तेव्हाही आधी धावल्या त्या जवळ असलेल्या बोटी, त्यांत आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदराची पायलट बोट होती. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना लाइफ जॅकेट सक्तीचं झालं.

या दोन अपघातांमध्ये 77 वर्षांचं अंतर आहे. वायरलेस आला, हेलिकॉप्टर आलं, मोबाइल आला. तरी पाण्यात पडलेल्याला वाचवणारा पहिला हात जवळच्या बोटीचाच असतो. जॅकेटचं काम काय? तो हात पोचेपर्यंत तुम्हाला पाण्याच्या वर ठेवणं. जॅकेट तुम्हाला वाचवत नाही. ते वाचवणाऱ्याला वेळ देतं. आम्हाला धुळवडीच्या दिवशी दीड तास का लागला? कारण होड्या सणासाठी किनाऱ्यावर होत्या, खाडी रिकामी होती. आणि वॉटकिन्सच्या कयाकजवळ कुणीच नव्हतं. बर्फाचं पाणी वेळ कमी देतं, आपलं पाणी जास्त देतं. पण कुणी येणारच नसेल, तर जास्त वेळाचा उपयोग काय?

कोळी माणूस सहसा एकटा दर्यात जात नाही. तांडेल असतो, खलाशी असतात. एकटा गेलाच, तर बंदरावर कुणाला तरी ठाऊक असतं की अमका गेलाय, अजून आला नाही. कयाक ही होडीच एकट्याची. म्हणून तिच्याभोवती माणसं मुद्दाम जमवावी लागतात.

विद्यार्थ्याला आम्ही जे सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. जॅकेट अंगात, बंद लावून. होडीत ठेवलेलं जॅकेट म्हणजे घरी ठेवलेली छत्री. उधाणाच्या दुपारी जाऊ नकोस, भांगाचे दिवस निवड, आणि वारा उठायच्या आत परत ये. जहाजांच्या मार्गाकडं फिरकू नकोस. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, गळ्यात. शिट्टी जॅकेटला बांधलेली. उलटलास तर होडी सोडू नकोस, किनारा कितीही जवळ दिसला तरी. ओहोटीच्या चिखलात पाय टाकू नकोस. बाहेर आल्यावर ओले कपडे आधी काढ. आणि सगळ्यांत आधी धक्क्यावर जाऊन तिथल्या जुन्या माणसाला विचार, "काका, आज जाऊ का?" तो नाही म्हणाला तर घरी जा. हो म्हणाला तर कधी परतणार ते सांगून जा, आणि परतल्यावर त्याला तोंड दाखवल्याशिवाय गाडीत बसू नकोस.

तो थोडा खट्टू झाला. शिमगा गेला. पुढच्या अष्टमीला त्याचा संध्याकाळी फोन आला. म्हणाला, "सर, काकांनी दोनदा परत पाठवलं, आज सोडलं. बोईट दोन मिळाले. जिताडा नाही." आम्ही विचारलं, "काकांना सांगून आलास का?" म्हणाला, "त्यांच्याच ओट्यावर बसून फोन करतोय. एक बोईट त्यांना दिला."

आमचे नाखवा आता नाहीत. त्यांनी आमची कॉलर धरली नसती तर आज हे व्याख्यान झालं नसतं. त्यांच्याबद्दल जे लिहायचं होतं ते आम्ही तेव्हा लिहिलं नाही. कुडकुडण्याची लाज वाटली, खरं सांगायचं तर. ते आज बोलून दाखवलं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी खाडीवर गेलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, त्यांनी या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून विचारा: आपल्या पाण्यात कुठं जायचं नाही? आणि उत्तर लिहून ठेवा.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.